तळ्यावर तीनच आमिषे न्यायची तर कोणती? (ल्युअर वि. जिवंत आमिष)

खंड्या
नदी, धरण, खाडी यांच्यावर चर्चेचे धागे भरपूर आहेत, म्हणून इथे फक्त तळ्याबद्दल बोलू. उभे पाणी, खोली दीड ते तीन मीटर, काठाला पाणकणीस, मध्ये कमळाची पाने, पाण्याला हिरवी झाक. मासे मिश्र: मरळ, तिलापिया, कार्प मंडळी, तळाशी मागूर आणि वाम.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपे. अशा तळ्याला एक जिवंत आमिष आणि दोन ल्युअर (नकली आमिषे) पुरतात: गांडूळ, पोकळ रबरी बेडूक आणि फिरत्या पात्याचा छोटा स्पिनर. चौथी वस्तू पिशवीत आली की माणूस गळ टाकण्यापेक्षा बदलण्यातच जास्त वेळ घालवतो.

तुमचे तीन कोणते? नुसती नावे नकोत. गळाचा नंबर, वजन, दोरा, कसे ओवायचे आणि कुठे फसते तेही लिहा. 'नशीब लागतं हो' असले प्रतिसाद आधीच बाद.

रेघोट्या
नशीब लागतं हो.

ढोकरी
वरच्याला कोणीतरी आवरा.

रबरी बेडकाला माझे मत आहेच. पण तो पाकिटातून काढून थेट बांधला तर मरळ धडका देते आणि गळाला लागत नाही, मग लोक ल्युअरला नावे ठेवतात. बांधण्याआधी तीन कामे करा.

पहिले, पाय कापा. रबरी झालरीचे पाय कंपनीवाले लांब सोडतात. मासा तेवढेच धरून ओढतो आणि गळ तोंडात जातच नाही. साधारण एक तृतीयांश उडवा. एक पाय दुसऱ्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर आखूड ठेवला तर बेडूक डावी-उजवीकडे वळत चालायला सोपा जातो.

दुसरे, पाठीला चिकटलेल्या दुहेरी गळाची दोन्ही टोके पक्कडीने किंचित बाहेर वळवा. किती, ते असे बघा: बेडूक चिमटीत दाबला की टोके रबराच्या वर स्वच्छ उघडी पडली पाहिजेत आणि सोडला की पुन्हा अंगाला टेकली पाहिजेत. सोडल्यावरही बाहेर राहत असतील तर प्रत्येक फेकीला पाणकणीस घेऊन येईल.

तिसरे, नाकाशी कडी जिथून बाहेर येते तिथे सिलिकॉनचा एक थेंब. पाणी तिथूनच शिरते. मागची, गळाच्या दांड्याजवळची भोके मात्र बुजवू नका. चावा बसला की हवा तिथूनच निघते आणि रबर चेपते. हवा अडली तर बेडूक चेंडूसारखा टणक राहतो आणि टोके झाकलेलीच राहतात.

दोरा ४० ते ५० पौंड ताण सोसणारा, ब्रेडेड (विणलेला), थेट बेडकाला. लीडर (टोकाला जोडायचा वेगळा दोऱ्याचा तुकडा) नको. त्यासाठी वापरतात तो फ्लुरोकार्बन पाण्यात बुडतो आणि बेडकाचे नाक खाली खेचतो. रॉड सात फुटी, ताठ. इथे मऊ रॉड चालत नाही, कारण मासा लागल्या लागल्या त्याला पानांच्या वर आणावा लागतो. एकदा तो देठांत घुसला की दोरा दहा देठांना वेढे घालतो.

बगळेभट
+१. एक भर: हल्ला दिसला की लगेच झटका द्यायचा नाही. बेडूक दिसेनासा होऊ द्या, रॉडचे टोक पाण्याकडे न्या, ढिला दोरा गुंडाळा, वजन जाणवले की मग जोरात. यात एक-दोन सेकंद जातात. पाणी उसळलेले बघून हात आपोआप वर जातो, नव्या लोकांचे मासे सुटतात ते इथेच.

शेवाळशास्त्री
खंड्या, प्रश्नच उलटा विचारला आहे तुम्ही. आधी आमिष आणि मग मासा असे नसते. आधी माशाचे तोंड बघायचे.

कटल्याचे तोंड वर वळलेले, तो पृष्ठभागाजवळ खातो. रोहू मधल्या थरात. मृगळाचे तोंड खाली, तो तळ चाळतो. सिप्रिनस म्हणजे कॉमन कार्प तोंड नळीसारखे पुढे काढून तळातला चिखल ओढतो आणि नको ते थुंकतो. चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, पाण्यातले प्लवक गाळून खातो. त्याच्यापुढे गांडूळ नाचवून काय उपयोग? आणि यांच्यापैकी एकाच्याही जबड्यात दात नाहीत, दात घशात असतात. म्हणून ही मंडळी चावत नाहीत, चोखतात.

याचा अर्थ सरळ आहे. तुमचे दोन्ही ल्युअर मरळ आणि फार तर तिलापियासाठी. कार्प मंडळींसाठी पिशवीत एकटे गांडूळ, तेही फक्त तळाशी खाणाऱ्यांना. कटला, रोहूसाठी कणकेचा गोळाच लागेल, आणि तो ना जिवंत आमिषात बसतो ना ल्युअरमध्ये. तीनची यादी तिथेच मोडली.

खंड्या
शास्त्री, मान्य. कणकेचा धागा वेगळा काढू, नाहीतर इथे लसूण घालायचा की बडीशेप यावरच शंभर प्रतिसाद पडतील.

रेघोट्या
बडीशेप.

कानस
लसूण. विषय संपला.

निवांतिका
गांडुळावर कोणी नीट लिहीत नाही, कारण सगळ्यांना वाटते त्यात काय आहे. बहुतेकांची गांडुळे तळ्यावर पोचेपर्यंत अर्धमेली असतात आणि मग पाण्यात दोऱ्यासारखी लोंबतात.

साठवण: झाकणाला भोके पाडलेला डबा, आत नारळाचा भुसा किंवा फाडलेला वर्तमानपत्राचा कागद. ओलावा किती? मूठभर घेऊन दाबला तर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. नळाचे पाणी क्लोरीनचे असते, ते उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मग वापरा. तापमान १० ते १५ अंश असेल तर उत्तम. २५ च्या वर गेले आणि डबा भरगच्च असला की ती मरायला लागतात. एक मेले की त्याच्या घाणीने बाकीचीही पटापट जातात, म्हणून दिवसातून एकदा डबा उघडून बघा.

निघण्याआधीची परीक्षा: सगळी गांडुळे ओल्या भुशावर ओता आणि उजेडात पाच-दहा मिनिटे ठेवा. धडधाकट असतात ती आत घुसतात. वर राहिलेली टाकून द्या.

जात कोणती तेही महत्त्वाचे. शेणखतातली लाल, पट्ट्यापट्ट्यांची गांडुळे लहान पण भलती वळवळी, आणि टोचली की पिवळट वासाचा द्रव सोडतात. तिलापिया, वाम, लहान मासे यांना ती छान. जमिनीतली जाड गांडुळे मागूर आणि मोठ्या कॉमन कार्पला.

बगळेभट
निवांतिकाताईंनी साठवण सांगितली, मी ओवणे सांगतो.

तिलापियाचे तोंड लहान आणि सवय कुरतडायची. अख्खे गांडूळ लोंबते ठेवले की ती शेपटाकडून खात येते आणि गळाच्या अलीकडे थांबते. फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) नाचतो, हाती काही नाही. म्हणून ८ किंवा १० नंबरचा गळ, गांडुळाचा दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा, मोज्यासारखा गळावर चढवायचा, टोकाबाहेर फक्त अर्धा सेंटिमीटर वळवळता. (नवीन लोकांसाठी: आकडा वाढला की गळ लहान होतो. १/० पासून पुढे मात्र उलट, २/० हा १/० पेक्षा मोठा.)

मागुराला याच्या बरोबर उलट. १ किंवा १/० चा गळ, दोन-तीन जाड गांडुळे प्रत्येकी दोन ठिकाणी टोचून जुडी करायची, टोके लोंबती सोडायची. मागूर डोळ्यांनी कमी आणि मिशांनी जास्त शोधतो. मिशांवर चव ओळखायची यंत्रणा असते. त्याला वास आणि वळवळ दोन्ही हवे. तुकडे केले तर वास जास्त सुटतो, पण लहान मासे येऊन पळवतात.

वामीला ६ ते ८ नंबरचा लांब दांड्याचा गळ. ती आमिष गिळून टाकते आणि आखूड दांड्याचा गळ मग घशातून काढता येत नाही. गिळलाच असेल तर ओढाताण करू नका. परत सोडायची असेल तर दोरा तोंडाजवळ कापून सोडा. खेचून काढण्यापेक्षा गळ आत ठेवून सोडलेला मासा जगण्याची शक्यता जास्त असते.

झिंगा
गांडूळ, गांडूळ काय चाललंय? तळ्यातल्या माशाने गांडूळ किती वेळा पाहिलेले असते? पाऊस पडून काठ धुतला गेला तरच. रोजचे खाणे म्हणजे पाण्यातल्या अळ्या, चतुराची पिल्ले, गोगलगायी, झिंगे.

गोड्या पाण्यातल्या लहान झिंग्यावर मरळ, मागूर, बास (परदेशी शिकारी मासा), मोठी तिलापिया सगळे येतात. फक्त लावायचा कसा ते जमले पाहिजे. डोक्याच्या कवचात एक गडद ठिपका दिसतो, तिथे अवयव असतात. तिथे टोचला की झिंगा गेला. शेपटीच्या पंख्याच्या आधीच्या एक-दोन वळ्यांतून ६ ते ८ नंबरचा बारीक तारेचा गळ आडवा काढायचा. मग तो मागे झटके मारत पोहतो आणि तेच माशाला हवे असते. एक-दोन चिमट्या-शिसे (दोऱ्यावर दाबून बसवायचे शिशाचे मणी) गळापासून ३० सेंटिमीटरवर, जास्त नको, नाहीतर झिंगा तळाला खिळून बसतो.

शेवाळशास्त्री
झिंगा यांच्या मुद्द्यात दम आहे (आणि नावामुळे हितसंबंधही). पण झिंगे त्याच तळ्यातले घ्या. एका तळ्यातले झिंगे, लहान मासे किंवा त्यांचे पाणी दुसऱ्या तळ्यात ओतले की रोग, परजीवी आणि नको असलेल्या जाती बरोबर जातात. डब्यात उरलेले आमिष 'सोडून देऊ बिचारे' म्हणून पाण्यात टाकणे सगळ्यात वाईट. उरलेले पाणी काठापासून लांब, जमिनीवर ओता.

काठावरचा
स्पिनरवर येऊ. खंड्याने नाव घेतले आणि सोडून दिले.

तळ्यासाठी ० ते २ आकाराचे पाते, एकूण वजन ३ ते ६ ग्रॅम. त्यापेक्षा जड घेतला तर दीड मीटर पाण्यात तो तळाशी जाऊन शेवाळ घेऊन येतो, वर ठेवायचा म्हणून वेग वाढवावा लागतो आणि मग मासा मागे राहतो. ६ पौंडांचा साधा नायलॉन दोरा, सहा फुटी हलका रॉड.

पाण्यात पडल्यावर पाते आपोआप फिरेल असे धरू नका. पहिल्या वळणाला रॉडचे टोक एकदा हलकेच खेचा. पाते सुरू झाले की टोकाला सतत थरथर लागते. थरथर थांबली म्हणजे एक तर शेवाळ लागले किंवा वेग कमी पडला. पाते फिरत राहील असा सगळ्यात कमी वेग हाच बरोबर वेग.

कटकट एकच, दोऱ्याला पीळ. पूर्ण ल्युअरच गोल फिरायला लागला की दहा-वीस फेकींत रिळावर गुंते. ल्युअरच्या पुढे ४० ते ५० सेंटिमीटरवर एक चांगला बॉलबेअरिंग स्विव्हल (स्वतःभोवती फिरणारी कडी) लावा. चुकून पीळ पडलाच तर सगळे सोडून नुसता दोरा मोकळ्या मैदानात ताणून, टोक मोकळे ठेवून परत गुंडाळा.

आणि तिहेरी गळ काढून टाका. त्याच कडीत एकेरी गळ बसवा, ४ किंवा ६ नंबर, कडीला समांतर डोळ्याचा (डोळा म्हणजे दांड्याच्या टोकाचे भोक). गवत निम्म्याने कमी लागते आणि मासा सोडवताना बोटेही वाचतात.

कानस
नवा गळ टोकदार असतो हा एक गोड गैरसमज आहे. अंगठ्याच्या नखावर टोक हलकेच ओढा. खरचटून थांबले तर ठीक, सरकले तर बोथट. बारीक कानशीने टोकाकडे, दांड्याकडून बाहेर, तीन बाजूंनी दोन-तीन फटके. रासायनिक धार दिलेला बारीक गळ असेल तर कानस लावू नका, सरळ बदला.

तिरकस
कानस यांनी टोपणनावाचे चीज केले.

जलपर्णी
मला वाटले होते कोणीतरी रबरी किड्याचे, म्हणजे सॉफ्ट प्लास्टिकचे, नाव घेईल. बास असलेल्या तळ्यात त्याच्याशिवाय पान हलत नाही, आणि मरळही घेते. माझी तीनची यादी: रबरी किडा, रबरी बेडूक, नाकतोडा.

रबरी किडा दोन प्रकारे लावा.

गवत असेल तिथे टेक्सास पद्धत. दोऱ्यात आधी गोळीसारखे ३ ते ५ ग्रॅमचे वजन, मग ऑफसेट गळ (डोळ्यालगत दांड्याला दुहेरी वळण असलेला), १० ते १२ सेंटिमीटरच्या किड्याला २/० किंवा ३/०. टोक किड्याच्या नाकात मधोमध अर्धा सेंटिमीटर घाला, बाजूने बाहेर काढा, किडा गळाच्या डोळ्यापर्यंत सरकवा, गळ अर्धा फिरवा. आता गळ अंगाशेजारी लोंबता धरून त्याचा बाक नेमका कुठे येतो ते बघा, तिथूनच आरपार काढा आणि टोक पाठीच्या कातडीत जेमतेम लपवा. मोजायला आळस केला की किडा गळावर चुणी पडून वाकडा बसतो, ओढताना गरगर फिरतो, आणि परत काठावरच्यांचा पीळ.

मोकळ्या पाण्यात वॅकी. वजन नाही, काही नाही. किड्याच्या बरोबर मध्यावर रबरी रिंग चढवायची, त्या रिंगमधून १ किंवा १/० चा गळ. रिंग नसेल तर दोन माशांत किडा फाटतो. फेकायचा आणि दोरा ढिला सोडायचा. दोन्ही टोके थरथरत तो हळूहळू उतरतो. मासा घेतो ते नव्वद टक्के उतरतानाच, आणि हाताला काही कळत नाही. दोऱ्याकडे बघा: आडवा सरकला किंवा अचानक थांबला की गुंडाळून झटका.

ढोकरी
'नव्वद टक्के' कोणी मोजले? बाकी सगळे पटले.

जलपर्णी
बरं बाबा, 'बहुतेक वेळा'. आणि वापरलेले, फाटलेले किडे पाण्यात टाकू नका. मासे ते गिळतात आणि पोटात फुगून राहतात.

खंड्या
नाकतोड्याचे सांगा ना. यादीत लिहून निघून गेलात.

जलपर्णी
डोक्यामागे मानेवर जे कडक झाकण असते, त्याखालून गळ घालायचा. पोटातून घातला की तो लगेच मरतो आणि पहिल्या फेकीला निघून जातो. गळ बारीक तारेचा, लांब दांड्याचा, ८ नंबर. जाड तारेने नाकतोडा बुडतो. शिसे नाही, फ्लोट नाही, ४ ते ६ पौंड दोरा. झुकलेल्या फांद्यांखाली टाका आणि हात लावू नका. तो पाय मारतो ना, त्या वलयांवरच मासा येतो. फेकायला वजन कमी पडत असेल तर दीड मीटर वर पारदर्शक, पाणी भरायचा फ्लोट लावता येतो.

सकाळचा
वेळेचे काय? पहाटे जाणे उत्तम असे सगळीकडे वाचले आहे.

शेवाळशास्त्री
हिरव्या तळ्याला ते लागू नाही. पाणी हिरवे म्हणजे त्यात सूक्ष्म शेवाळ भरपूर. दिवसा ते ऑक्सिजन सोडते, रात्री तेही श्वास घेते आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवते. त्यामुळे उन्हाळ्यात सूर्योदयाच्या सुमारास ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. तेव्हा कार्प पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत असतात. नवशिक्याला वाटते मासे वर आले, आता खातील. ते खात नाहीत. ऊन पडल्यावर दोन-तीन तासांनी पुन्हा खाली जातात आणि मग खायला लागतात.

मरळ याला अपवाद. तिला डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवा घ्यायचा अवयव आहे. ती थेट हवेतून श्वास घेते, म्हणून पहाटेही जोरात असते. मागूरही हवा घेऊ शकतो. थोडक्यात, हिरव्या तळ्यावर पहाटे बेडूक, ऊन वर आल्यावर गांडूळ. स्वच्छ पाण्याच्या तळ्याला हे गणित नाही, तिथे पहाट चांगलीच.

सकाळचा
आता टोपणनाव बदलायला लागणार.

ढोकरी
शास्त्रींच्या हवेवरून: मरळ श्वासाला वर आली की बुडबुडा किंवा छोटे वलय दिसते. बेडूक थेट त्या वलयावर आपटू नका, ती दचकून खाली जाते. दोन-तीन मीटर पलीकडे, शक्यतो पानावर टाका, पानावरून घसरू द्या आणि वलयाच्या जवळून न्या. रंग? माथ्यावरचा रंग आपल्यासाठी असतो. मासा खालून बघतो, त्याला पोटाचा रंग आणि आकाश यातला फरक दिसतो. संध्याकाळी आणि रात्री काळा, कारण उजळ आभाळावर काळी आकृती सगळ्यात ठळक. दिवसा फिकट पोटाचा.

आणि लालसर-केशरी पिल्लांचा थवा पृष्ठभागावर बुडबुडताना दिसला तर तिथे टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात, ते भुकेने नाही तर रागाने तुटून पडतात. म्हणून लागणे सोपे असते. ते काढले की पिल्ले बाकीच्या माशांच्या पोटात.

तिरकस
रबरी बेडकाऐवजी खरा बेडूक का नाही? फुकट आणि उत्पादकाने लांब सोडलेले पाय कापायला नकोत.

निवांतिका
कारण बऱ्याच ठिकाणी बेडूक पकडायला कायद्यानेच मनाई आहे. शिवाय रबरी बेडूक गवतात अडकत नाही, खरा अडकतो. एका फेकीत मरतो आणि मग त्याचे काम रबर जास्त चांगले करते.

पाणकोंबडी
जिवंत लहान मासा लावण्याबद्दल कोणी बोलले नाही अजून.

ज्याच्या डोक्यात 'मोठा मासा = मोठे आमिष' असते तो हाताएवढा मासा लावून दिवसभर बसतो. तळ्यात बोटाएवढा, ६ ते ८ सेंटिमीटरचा पुरतो. फ्लोटखाली स्थिर ठेवायचा असेल तर पाठीच्या पंखाच्या मागे, कण्याच्या वर, फक्त मांसातून गळ काढा. कण्याला लागला तर मासा लुळा पडतो. फेकून हळू ओढायचा असेल तर दोन्ही ओठांतून, खालून वर.

गळ सर्कल घ्या, १/० ते २/०. त्याचे टोक दांड्याकडे वळलेले असते. मासा गिळून वळला की गळ घशातून सरकत जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. अट एकच, झटका द्यायचा नाही. दोरा ताठ करत सावकाश गुंडाळायचा. झटका दिला की तो न लागता तोंडातून बाहेर येतो आणि मग लोक म्हणतात सर्कल गळ बेकार. टोक आमिषात लपवायचे नाही, उघडे राहिले पाहिजे.

बादलीत गर्दी नको, सावली हवी, बॅटरीवरचा हवेचा पंप असेल तर उत्तम. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, म्हणून दुपारी बादलीतले मासे आधी मरतात.

काठावरचा
एक अवांतर. लाउरी रापाला हा फिनलंडचा मच्छीमार. त्याने पाहिले की मोठे मासे थव्यातल्या नीट पोहणाऱ्या माशांना सोडून नेमका अडखळणारा मासा उचलतात. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, वर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या वितळवलेल्या निगेटिव्हचा थर दिला. तो ओढला की डुगडुगत चालायचा. आजचे जिभेवाले क्रँकबेट (तोंडापुढे जिभेसारखी पट्टी असलेले नकली मासे) त्याच कल्पनेवर चालतात. धातूचा चमचा (चमच्याच्या आकाराचे ल्युअर) त्याहून जुना, अमेरिकेत त्याचे पेटंट १८५२ चे आहे.

क्रँकबेट तळ्यावर नेणार असाल तर आखूड, उभ्या जिभेचा घ्या, तो उथळ चालतो. लांब, आडवी जीभ तळ खणते. आणि काठाजवळ दोन मीटर ओढून बघा. एका बाजूला झुकत पळत असेल तर नाकाची कडी पक्कडीने विरुद्ध बाजूला, केसभर वाकवा. डावीकडे पळतो तर कडी उजवीकडे. केसभर म्हणजे केसभर.

कानस
गाठ विसरलात सगळे. ब्रेडेड दोऱ्याला साधी क्लिंच गाठ सरकते, त्याला पालोमार: दोरा दुहेरी करून डोळ्यातून काढा, सैल साधी गाठ मारा, पुढचा फास अख्ख्या गळावरून घ्या, ओला करून आवळा. नायलॉनला क्लिंच चालते, पाच ते सात वेढे. कोरडी आवळली तर घर्षणाने नायलॉन भाजतो आणि नेमका मोठ्या माशाला तुटतो.

शेवाळशास्त्री
शिशाबद्दलही. लहान चिमट्या-शिसे पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनमध्ये हंस मरायला लागल्यावर १९८७ पासून २८ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली. टंगस्टनची पुटी मिळते, दोऱ्यावर चिमटीने दाबली की बसते, हवी तेवढी कमी-जास्त करता येते. फ्लोट जुळवायला तर ती शिशापेक्षा बरी.

रेघोट्या
आता खरा प्रश्न. मुलीला पहिल्यांदा तळ्यावर न्यायचे आहे, वय आठ. वरचे सगळे वाचून डोके गरगरले. तिला बेडूक द्यायचा, स्पिनर द्यायचा की गांडूळ?

झिंगा
गांडूळच. (नाइलाजाने लिहितो आहे.)

बगळेभट
गांडूळ, शंकाच नको. साडेचार-पाच फुटी काठी, रीळ नसले तरी चालेल, काठीएवढाच दोरा, ४ पौंड. १० नंबरचा गळ, त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. कुठेही टोचला तरी सहज निघतो, मग ती जागा माशाची असो की बोटाची.

खोली आधी मोजा. गळाला जरा जड वजन अडकवून टाका. फ्लोट बुडाला तर पाणी दोऱ्यापेक्षा खोल आहे, फ्लोट वर सरकवा. आडवा पडला तर उलट. टोक जेमतेम दिसायला लागले की गळ तळाला टेकला. तिथून फ्लोट १० सेंटिमीटर खाली आणा, म्हणजे आमिष तळाच्या थोडे वर तरंगेल. मग वजन काढा आणि पुटी इतकी लावा की फ्लोटचे टोक एक सेंटिमीटरच बाहेर राहील. जास्त बाहेर असेल तर लहान तिलापियाला ते ओढायला जड जाते आणि ती सोडून देते.

पाणकणसापासून एक-दीड मीटरवर, दर पाच मिनिटांनी गांडुळाचे चार बारीक तुकडे टाकत राहा, नेहमी त्याच जागी. फ्लोट नाचला तर काही करायचे नाही. सरळ खाली गेला किंवा तिरका चालू लागला की मनगटाने उचलायचे, खांद्याने नाही.

निवांतिका
आणि गांडूळ तुम्ही ओवा. पहिल्या दिवशी तिला तेही शिकवायला जाऊ नका.

रेघोट्या
मला तरी कुठे येतं ओवायला.

बगळेभट
वर लिहिलं आहे. दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा, मोज्यासारखा. हाताला आधी कोरडी माती चोळा, म्हणजे निसटत नाही.